घोट्याच्या संधिवातावरील दुर्बिणीद्वारे सांधाजोड शस्त्रक्रिया : स्वरूप आणि खानदेशाच्या संदर्भातील काही विचार

प्रस्तावना :
गुडघ्याचा संधिवात प्रामुख्याने वयोमानाने होतो. घोट्याचे तसे नाही. घोट्याच्या संधिवाताच्या मुळाशी बहुतांशी जुना अस्थिभंग किंवा वारंवार मुरगळणे असते. त्यामुळे हा रुग्ण तुलनेने तरुण व कमावता असतो. जळगावच्या केळीबागांतील मजूर काय किंवा धुळ्याजवळ एकमेकांस छेदणाऱ्या मुंबई-आग्रा आणि नागपूर-सुरत महामार्गांवरील वाहनचालक काय, त्यांचा चरितार्थ पायांवरच चालतो. प्रस्तुत लेखात या विकारावरील एका शस्त्रक्रियेचा परिचय करून देण्यात आला आहे.

शस्त्रक्रियेचे स्वरूप :
झिजलेला सांधा कायमचा जोडून टाकला की हालचाल थांबते आणि हालचालीबरोबर वेदनाही थांबते, हे या उपचाराचे मूलतत्त्व होय. व्हिएन्नाचे शल्यविशारद एडवर्ड आल्बर्ट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कल्पना रूढ केली. १९५१ मध्ये जॉन चार्नली यांनी हाडे परस्परांवर दाबून धरण्याची पद्धत मांडली. दुर्बिणीद्वारे ती करण्याचा वृत्तान्त १९८३ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला.

या पद्धतीत घोट्याच्या पुढील बाजूस दोन लहान छिद्रे पाडतात. एकातून दुर्बीण, तर दुसऱ्यातून हत्यारे आत जातात. उरलीसुरली कूर्चा खरवडून, रक्त पाझरणारे ताजे हाड उघडे करतात. पाऊल नडगीशी काटकोनात ठेवून क्ष-किरणांच्या साहाय्याने दोन-तीन स्क्रू बसवितात. त्वचा व स्नायू फारसे न दुखावल्याने हाडाचा रक्तपुरवठा टिकतो, जखमेचे उपद्रव कमी होतात आणि रुग्णालयातील मुक्कामही घटतो.

मात्र छेद लहान असला तरी हाडाला तो ठाऊक नसतो! हाड जुळण्यास साधारणतः तीन महिने लागतात व सुरुवातीचे काही आठवडे पायावर भार देता येत नाही. धूम्रपानाने हाड न जुळण्याचा धोका वाढतो. विडीची सवय असलेल्या रुग्णास हे आधीच बजावून सांगावे लागते. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळे होते. २०१७ पासून ती महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने चालते. अशी योजना उपचाराचा भार उचलते. बुडालेली तीन महिन्यांची मजुरी तिच्या कक्षेत येत नाही.

सांधाजोड की सांधेरोपण?
ब्रिटनमधील ३०३ रुग्णांच्या तुलनात्मक चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. एका वर्षानंतर दोन्ही गटांत लक्षणीय सुधारणा दिसली. सांधेरोपणात जखमेचे व मज्जातंतूंचे उपद्रव अधिक आढळले. सांधाजोडीत काही रुग्णांचे हाड जुळले नाही. तथापि, पाश्चात्त्य रुग्ण खुर्चीवर बसतो. आपल्याकडील निंदणी-खुरपणी उकिडवे बसून होते. जोडलेल्या घोट्याने सपाट रस्त्यावर चांगले चालता येते, कारण पावलातील इतर सांधे काही हालचाल पुरवितात. परंतु टाच टेकवून उकिडवे बसणे अशक्यप्राय होते, आणि नांगरलेल्या ढेकळांवर तोल सावरणे कठीण जाते. पुढे अनेक वर्षांनी त्या शेजारच्या सांध्यांवरही ताण येऊन ते झिजू शकतात.

म्हणूनच घरी शौचालय भारतीय पद्धतीचे आहे की कमोडचे, हा प्रश्न क्ष-किरण चित्राइतकाच महत्त्वाचा ठरतो. काही शल्यविशारद निर्णयापूर्वी घोटा काही दिवस प्लास्टरमध्ये अथवा ताठ पट्ट्यात बांधून ठेवतात. वेदना कितपत थांबते आणि शेतातले कोणते काम अडते, हे त्या काळात रुग्णास स्वतःच अनुभवता येते.