आर्यत्व आणि अमेरिकेचें नागरिकत्व

परक्या देशांत वीस वर्षें राहिलें, कर भरला, घर बांधलें, तरी तेथील नागरिक झाल्याविना मनुष्य पाहुणाच राहतो. मत देणें, अधिकारपद मिळविणें, एके काळीं कॅलिफोर्नियांत शेतजमीन विकत घेणेंदेखील, या नागरिकत्वावर अवलंबून असे. परकीयास नागरिक करून घेण्याचा अमेरिकेचा पहिला कायदा १७९० चा. त्यानें हा लाभ स्वतंत्र गोऱ्या मनुष्यांपुरताच ठेवला. १८७० मध्यें आफ्रिकी वंशाच्या लोकांसही तो मिळाला. मध्यें राहिलेल्या आशियावासीयांचें काय, या प्रश्नावर आपल्या दोन देशबांधवांचे जे खटले झाले, ते आपल्यासारख्या कुलाभिमानी घरांतून अवश्य वाचले जावेत.

पहिला भगतसिंग थिंद यांचा. अमृतसर जिल्ह्यांतील हे शीख गृहस्थ १९१३ मध्यें अमेरिकेंत गेले व १९१८ मध्यें तेथील सैन्यांत दाखल झाले. त्याच वर्षीं डिसेंबरांत त्यांस नागरिकत्व मिळालें आणि चारच दिवसांत काढून घेण्यांत आलें. १९२० मध्यें ओरेगॉनच्या न्यायालयानें तें पुन्हां दिलें. सरकारनें हरकत घेतली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढें गेलें.

थिंद यांच्या बाजूच्या वकिलांत सखाराम गणेश पंडित हे एक होते. नांव वाचून हा आपल्याच आळींतला गृहस्थ वाटेल. जन्म मात्र अहमदाबादचा. ते स्वतः १९१४ मध्यें अमेरिकेचे नागरिक झाले होते. थिंद यांच्या बाजूची मांडणी अशी कीं, युरोपीय विद्वान् उत्तर हिंदुस्थानांतील उच्चवर्णीयांस आर्य, म्हणजेच ‘कॉकेशियन’ समजतात. शिवाय जातिबंधनानें त्यांचें रक्त शुद्ध राहिलें आहे. तेव्हां ते गोरेच होत. १९ फेब्रुवारी १९२३ रोजीं न्यायमूर्ति जॉर्ज सदरलंड यांनीं निकाल दिला कीं, शास्त्रज्ञ कांहींही म्हणोत, ‘गोरा’ या शब्दाचा अर्थ सामान्य मनुष्याच्या समजुतीप्रमाणेंच घ्यावयाचा, आणि त्या समजुतींत हिंदी मनुष्य बसत नाहीं. तीनच महिन्यांपूर्वीं टाकाओ ओझावा या जपानी गृहस्थास याच न्यायमूर्तींनीं ‘गोरा म्हणजे कॉकेशियन’ असें सांगून परत पाठविलें होतें! स्वतः सदरलंड यांचाही जन्म अमेरिकेंतला नव्हे, इंग्लंडांतला.

थिंद यांची ती मांडणी वाचतांना मला थोडी शरमच वाटते. घरीं ज्यांस आपण दूर बसविलें त्यांच्याहून आपण निराळे, हें परक्यापुढें हात जोडून सांगावयाचें. आणि त्यानें दोघांसही पंगतीबाहेर ठेवावयाचें!

या निकालानंतर सरकार पूर्वीं दिलेलीं नागरिकत्वेंही परत घेऊं लागलें. सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णोदास बगई १९२१ मध्यें नागरिक झाले होते. तें नागरिकत्व गेलें. स्वदेशीं जाऊन येण्यास अमेरिकेचा पासपोर्टही मिळेना. १९२८ मध्यें त्यांनीं आत्महत्या केली, आणि मागें ठेवलेल्या पत्रांत कारण स्पष्ट लिहिलें.

पंडितांवरही खटला झालाच. त्यांची पत्नी अमेरिकन. पतीचें नागरिकत्व गेलें तर तिचेंही जाण्याची भीति होती. परंतु या वेळीं खटला तरला तो आर्यत्वावर नव्हे. १९१४ मध्यें न्यायालयानें रीतसर चौकशी करून निर्णय दिला होता. सरकारनें तेव्हां अपील केलें नाहीं. त्या निर्णयावर विसंबून पंडितांनीं वकिलीची सनद घेतली, संसार मांडला. आतां तोच प्रश्न पुन्हां उकरतां येणार नाहीं, हें म्हणणें १९२६ मध्यें वरिष्ठ न्यायालयानें मान्य केलें. पुढें सरकारनें अशा इतर खटल्यांचा नाद सोडला. बगईंस मात्र त्याचा उपयोग झाला नाहीं.

माजी सैनिकांसाठीं १९३५ मध्यें झालेल्या कायद्याच्या आधारें थिंद १९३६ मध्यें अखेर नागरिक झाले. सर्व हिंदी लोकांस हें दार १९४६ मध्यें उघडलें. नव्यानें येणारांस मात्र वर्षाला शंभर जणांची मर्यादा होती. वंशाची अट कायद्यांतून १९५२ मध्यें गेली. पंजाबांतून गेलेले दलिपसिंग सौंद १९४९ मध्यें नागरिक झाले, आणि १९५६ मध्यें त्याच कॅलिफोर्नियांतून अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आले.