रस्त्याचा खर्च कोणी सोसावा?

रस्ता सर्वांच्या मालकीचा असला, तरी सर्वजण त्याचा सारखाच वापर करीत नाहीत. त्यामुळे तो बांधण्याचा व राखण्याचा भार कोणी किती उचलावा, हा न्यायाचा प्रश्न ठरतो.

भारतात या प्रश्नाचा पद्धतशीर विचार १९२७ साली नेमलेल्या, मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केला. तिच्या शिफारशीनुसार पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे अधिभार बसवून १९२९ साली केंद्रीय रस्ते निधी उभारण्यात आला. त्यामागील तत्त्व सोपे होते : ज्याची गाडी अधिक धावेल, तो अधिक इंधन जाळील व अधिक कर देईल.

परंतु हे माप सर्वस्वी अचूक नाही. शेतातील पंपासाठी घेतलेल्या डिझेलवरही कर पडतो. तो पंप मात्र कधी रस्त्यावर येत नाही. उलट, अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात झालेल्या चाचण्यांवरून असे दिसून आले, की वाहनाच्या आसावरील भार दुप्पट झाला तर रस्त्याची हानी सुमारे सोळापट होते. इंधनाचा खर्च काही त्या प्रमाणात वाढत नाही. म्हणजे अतिभारित मालमोटारीने केलेल्या हानीचा काही भाग हलक्या वाहनांचे मालक भरीत असतात.

ही उणीव वाहनकराने काही अंशी भरून निघते. आपल्या संविधानाने हा कर राज्यांकडे सोपविला असून मालवाहू वाहनांवर तो बहुधा वजनानुसार आकारला जातो. मात्र वाहन किती धावले, हे त्याला कळत नाही. म्हणून हे दोन्ही कर परस्परांना पूरक होत.

विजेवर चालणाऱ्या वाहनांमुळे या व्यवस्थेचा पायाच आता डळमळू लागला आहे. ती रस्ता झिजवितात, पण इंधनकर देत नाहीत. न्यूझीलंडमध्ये डिझेलच्या वाहनांवर अंतर व वजन यांनुसार आकारणी होत असे. २०२४ पासून ती विजेच्या मोटारींनाही लागू झाली.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. डिझेलवरील कर एस.टी.च्या तिकिटात आणि धान्याच्या भावात उतरतो. ज्याच्याजवळ सायकलही नाही, तोही तो भरतो. भारतातील या निधीला २००० च्या कायद्याने वैधानिक आधार मिळाला आणि २०१८ मध्ये त्याची व्याप्ती रस्त्यांपलीकडील पायाभूत सुविधांपर्यंत वाढविण्यात आली. अशा वेळी जमा झालेला पैसा कोठे खर्च झाला, हे जाणून घेण्याचा हक्क केवळ मोटारमालकांचा नसून सर्व नागरिकांचा आहे.