तीन फुटांवरून झकास!

कपाटाच्या वरच्या खणात एक खोका असतो. मोठ्या हौसेने घेतलेला. आत राखाडी प्लास्टिकचे सैनिक... सांगाडे, ऑर्क, एखादा ड्रॅगन. ‘या वीकेंडला नक्की रंगवू’ म्हणता म्हणता दोन दिवाळ्या उलटतात. ओळखीचं वाटतंय? डोण्ट वरी, तुम्ही एकटे नाही. फँटसी टेबलटॉप गेम खेळणाऱ्यांच्या जगात या ढिगाला चक्क नाव आहे, ‘पाइल ऑफ शेम’!

ज्यांना हे वेड अजून लागलेलं नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. टेबलावर टेकड्या, पडके किल्ले मांडायचे, जेमतेम तीन सेंटिमीटर उंचीच्या सैनिकांच्या पलटणी उभ्या करायच्या आणि फासे टाकून लढाई लढायची. ‘वॉरहॅमर’ हा यातला सगळ्यात गाजलेला गेम १९८३ मध्ये इंग्लंडमध्ये आला. तो काढणारी नॉटिंगहॅमची गेम्स वर्कशॉप ही कंपनी डिसेंबर २०२४ मध्ये लंडनच्या ‘एफटीएसई १००’ निर्देशांकात जाऊन बसली. प्लास्टिकचे सैनिक विकून, बॉस!

हे सैनिक बहुतेक वेळा सुट्या तुकड्यांत आणि बिनरंगाचे मिळतात. जोडायचे आपण, रंगवायचेही आपण. आणि घोडं इथेच पेंड खातं. कारण आपण नेटवर बघतो ते ‘गोल्डन डेमन’चे नमुने. १९८७ पासून चालत आलेली ही रंगकामाची स्पर्धा. तिथे एकेका बाहुलीवर आठवडेच्या आठवडे खर्च झालेले असतात. ऑफिस, ट्रॅफिक आणि डेडलाइन सांभाळून तसे चाळीस सैनिक कोण रंगवणार? मग ब्रश खाली आणि खोका वर!

माझंही तेच झालं. पहिल्या सांगाड्याच्या डोळ्यांच्या खोबणीत मी तीन संध्याकाळी घालवल्या. रंग इतका जाड बसला, की कवटीचा बटाटा झाला. बाकीचे नऊ जण तसेच राखाडी!

यावर खेळणाऱ्यांनीच काढलेला तोडगा म्हणजे ‘टेबलटॉप स्टँडर्ड’. सैनिक तीन फुटांवरून छान दिसला की झालं. खेळताना तुम्ही त्याला तेवढ्याच अंतरावरून बघता ना! वॉरहॅमरच्या अंतराळातल्या भावंडाने, म्हणजे ‘वॉरहॅमर ४०,०००’ने तर २०२० च्या नवव्या आवृत्तीत याला गुणच देऊन टाकले. अख्खं सैन्य ‘बॅटल रेडी’, म्हणजे मुख्य भाग रंगवलेले आणि पायाखालची चकती सजवलेली असेल, तर १०० पैकी १० गुण पदरात. सफाईला जादा गुण नाहीत, काम पुरं करण्याला आहेत.

सुरुवात कुठून करायची? सांगाड्यांपासून. त्यांच्याइतके समजूतदार गडी दुसरे नाहीत.

एक : साच्याची रेघ कटरच्या पात्याने हलकेच खरवडून काढा. आता आळस केलात, तर रंगावरून ती दुप्पट उठून दिसेल.

दोन : हाडाच्या रंगाचा किंवा पांढरा प्रायमर मारा. पावसाळ्यात मात्र स्प्रे नको. दमट हवेत तो खरखरीत बसतो. ब्रशने लावायचा प्रायमर घ्या.

तीन : रंग तीन-चारच. ढाल, कापड, शस्त्र, बस्स. अॅक्रिलिक रंगात थोडं पाणी मिसळून दोन पातळ थर द्या. डब्यात ओला टिश्यू आणि वर बटर पेपर ठेवलात, की रंग न वाळणारी पॅलेट घरीच तयार! आणि एकेक सैनिक पुरा करत बसू नका. दहाही ढाली आधी उरकून घ्या.

चार : खरी जादू इथे आहे. पातळ तपकिरी ‘वॉश’ सगळीकडे फिरवा. तो आपोआप बरगड्यांच्या फटीत उतरतो आणि सावल्या तयार होतात. २०१९ मध्ये आलेल्या ‘कॉन्ट्रास्ट’ रंगांत तर रंग आणि सावली एकाच हातात होते.

पाच : पूर्ण वाळल्यावर जुन्या ब्रशला फिकट रंग लावा, टिश्यूवर जवळजवळ सगळा पुसून टाका आणि उंचवट्यांवरून झरझर फिरवा. हा झाला ‘ड्रायब्रश’.

सहा : चकतीवर पांढरा गोंद, वर वाळू. रंग दिलात की कडा काळी करा. शेवटी मॅट वॉर्निश, कारण खेळताना बोटं लागणारच.

डोळे? विसरा. तीन फुटांवरून ते कुणालाच दिसत नाहीत.

उरलेले नऊ सांगाडे मी असेच दोन रविवारांत संपवले. टेबलावर मांडले तेव्हा समोरचा मित्र आधी ‘अरे वा!’ म्हणाला आणि मग त्याने फासे उचलले. बटाट्याच्या तोंडाचा तो पहिला गडीही रांगेत आहे. मागच्या ओळीत, पण आहे. त्याला मी पुन्हा रंगवणार नाही.

सो, या रविवारी तो खोका खाली काढा. दहाच सैनिक घ्या. आणि हो, भिंग मात्र कपाटातच राहू द्या!