मुदत गेली म्हणजे अपील गेलं?

दिल्लीत कोपर्निकस मार्गावर जुनं महाराष्ट्र सदन आहे. सर्वोच्च न्यायालय तिथून चालत जाण्याइतकं जवळ. गावाकडून आलेला एखादा बाप पिशवीतून मुलाच्या शिक्षेची नक्कल काढतो आणि म्हणतो, "मुदत गेली हो, आता काय होणार?" ऐकून जीव तुटतो. कारण हे बहुतेक वेळा खरं नसतं.

आधी नक्कल उलटी करून तिच्यावरचा शिक्का बघा. नकलेसाठी अर्ज कधी दिला, ती तयार कधी झाली, हे त्यात लिहिलेलं असतं. सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात अपिलाला 60 दिवस मिळतात. फाशी असेल तर 30. पण निकालाचा दिवस आणि नक्कल मिळवण्यात गेलेला आवश्यक काळ त्यात धरत नाहीत. शेवटच्या दिवशी कोर्ट बंद असेल, तर उघडेल त्या दिवशी दाखल करता येतं. कित्येकांची मुदत या हिशेबातच शिल्लक निघते. उच्च न्यायालयातही हरल्यावर सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती मागायला साधारणपणे 90 दिवस असतात, फाशीत 60.

तरीही उशीर झालाच, तर 1963 च्या मुदत कायद्याचं कलम 5 आहे. अपिलासोबत विलंब माफीचा अर्ज द्यायचा. दिवसागणिक खुलासा हवाच, असा धाक घातला जातो. पण कातिजी खटल्यात 1987 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की हा नियम शब्दशः ताणायचा नाही, व्यवहार बघून लावायचा. माफी हक्काची मात्र नव्हे. कारण पटावं लागतं.

सगळे कायदे इतके सैल नाहीत, हेही खरं. कोपर्निकस मार्गावरच्याच राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपिलाला 30 दिवस, वर फार तर 60. पुढे माफी नाही. एनआयए कायद्यातही 90 दिवसांची भिंत आहे. पण सप्टेंबर 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आरोपीच्या अपिलाला त्यापुढचा उशीरही माफ करता येतो, असा निकाल दिला.

"वकिलाला पैसे नाहीत" म्हणून थांबू नका. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, आणि कैदी स्वतः तुरुंग अधिकाऱ्यामार्फतही अपील पाठवू शकतो. असं अपील गेलं असेल, तर तुरुंगाच्या जावक नोंदीची तारीख आजच लेखी मागून घ्या. उशिराचं कारण सांगताना तोच कागद कामाला येतो.