आमटीत मिसळलेली गोळी आणि दारूवरचे खरे उपचार

'पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवा' ही जाहिरात भिंतींवर हमखास दिसते. घरचे पिचलेले असतात, मग कुणीतरी पुडी आणून आमटीत मिसळतं. पुडीत काय आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. काही घरांत डायसल्फिरामची गोळी कुटून घालतात. ही गोळी काम कशी करते, ते आधी पाहू.

दारू पोटात गेली की यकृत तिचं अ‍ॅसिटाल्डिहाइड करतं. ते विषारी, पण एक विकर लगेच त्याचा निकाल लावतं. डायसल्फिराम त्या विकरालाच अडवतं. मग एका पेगनेही चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. हृदय कमजोर असेल तर जिवावर बेततं. गोळी थांबवल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. 'प्यायलो तर त्रास होईल' ही जाणीव हीच या गोळीची खरी ताकद. ज्याला गोळीचा पत्ताच नाही, तो थांबणार कशाच्या धाकाने? त्याच्या संमतीशिवाय ती देणं चूकच, आणि घातकही.

नाल्ट्रेक्सोन या दुसऱ्या औषधावर प्यायलं तर असा त्रास होत नाही, ते पिण्यातली मजाच फिकी करतं. अ‍ॅकॅम्प्रोसेट दारू सुटल्यावर ती सुटलेली राहावी म्हणून देतात. यकृत आणि मूत्रपिंडं तपासून डॉक्टर यांतलं औषध निवडतात.

पण बरीच वर्षं रोज भरपूर पिणाऱ्याला 'आजपासून बंद' म्हणू नका. काही तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढच्या दोनांत भ्रम होऊ शकतो, आणि यात माणसं दगावतात. म्हणून दारू उतरवण्याचे हे दिवस डॉक्टरांच्या नजरेखाली, झटके रोखणारी औषधं आणि थायमिन देऊन काढायचे असतात.

यानंतर काम उरतं मनाचं. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभेत पिणं सोडलेले आणि सोडू पाहणारेच एकमेकांना सावरतात. पुण्याच्या मुक्तांगणात १९८६ पासून निवासी उपचार होतात. पिणं घातक झालंय पण शरीर अजून दारूवर अवलंबून नाही, अशांसाठी गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग झाला. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षित समुपदेशकांनी फार तर चार बैठका घेतल्या. तीन महिन्यांनी त्या गटातले ३६ टक्के धोक्याच्या पिण्यातून बाहेर आले होते, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत २६ टक्के. अमेरिकेत १७२६ रुग्णांवर तीन प्रकारच्या समुपदेशनांची तुलना झाली, १९९७ मध्ये निकाल आला, तेव्हा तिन्ही जवळपास सारखीच ठरली. त्यामुळे 'सर्वांत चांगली पद्धत' शोधण्यात महिने घालवू नयेत. माणूस जिथे पुन्हा जायला तयार आहे, तिथेच त्याला न्यावं. पुन्हा प्यायला, तरीही न्यावं.

व्यसनमुक्तीसाठी सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे. पिणारा फोन करत नसेल, तर तुम्ही करा.