मडगार्ड कोणासाठी?

मुलांनो, जून महिना उजाडला, की मुंबईच्या उपनगरांत एक गंमत दिसू लागते. शाळेत येणाऱ्या काही मुलांच्या पांढऱ्या सदऱ्यावर, अगदी पाठीच्या मधोमध, चिखलाची उभी रेघ उमटलेली असते. ती कमरेपासून निघते आणि मानेपर्यंत सरळ जाते. ही रेघ पाहिली, की न विचारता सांगता येते, हा मुलगा सायकलवरून आला आहे आणि त्याच्या सायकलला मागचे मडगार्ड नाही.

तुम्ही घरी ज्याला 'कीचड' म्हणता, तो मराठीत चिखल. 'छींटे' म्हणजे शिंतोडे. चाकामुळे उडणारे चिखलाचे शिंतोडे अडवण्यासाठी चाकावर जे कमानीसारखे पत्र्याचे किंवा प्लॅस्टिकचे आच्छादन बसवतात, त्याला मडगार्ड म्हणतात. हा शब्द इंग्रजीतून आला, पण सायकल दुरुस्त करणाऱ्याला दुसरा शब्द सांगितला तर तो तुमच्या तोंडाकडे पाहत राहील.

पूर्वीच्या काळ्या, उंच सायकली आठवून पाहा. भल्या पहाटे पाव घेऊन येणाऱ्या पाववाल्याकडे किंवा दूधवाल्याकडे अशी सायकल अजूनही दिसते. तिच्या दोन्ही चाकांवर लांबलचक लोखंडी मडगार्ड असते. त्याशिवाय ती सायकल दुकानातून बाहेरच पडत नसे. आता गिअरच्या सायकली आल्या आहेत. त्यांतल्या बऱ्याच सायकली मडगार्डशिवाय विकल्या जातात. काही मुले तर असलेले मडगार्डही काढून टाकतात, कारण त्यामुळे सायकल शर्यतीची वाटते. दिसायला ती चांगली दिसते, हे मलाही मान्य आहे.

एकटे फिरायचे असेल तर ज्याची सायकल, त्याची मर्जी. पाठ आपलीच भिजेल. पण रविवारी सकाळी उपनगरांत सायकलस्वारांच्या टोळ्या निघतात, तिथे प्रश्न वेगळा होतो. कोणी बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत जातात. कोणी गोरेगावहून आरे वसाहतीतून पवईकडे जातात. मुलुंड, घाटकोपरची मुले लालबहादूर शास्त्री मार्गाने ठाण्याच्या दिशेने निघतात. रस्ता अरुंद आणि वाहने पुष्कळ, त्यामुळे सगळे एकामागे एक चालतात. दोन सायकलींमध्ये फार तर एक-दोन मीटर अंतर असते. अशा सहलीत प्रत्येकाने मडगार्ड लावलेच पाहिजे का?

उत्तर देण्याआधी एक प्रयोग करा. सायकल मैदानात स्टँडवर उभी करा, म्हणजे मागचे चाक अधांतरी राहील. एकाने हाताने पायडल जोरात फिरवावे आणि दुसऱ्याने चाकावर मगाने थोडे पाणी ओतावे. पाणी चाकाबरोबर गोल फिरत राहत नाही. ते टायर सोडते आणि सरळ रेषेत निघून जाते. गोफणीतून सुटलेला दगड असाच सरळ जातो. भूमितीत तुम्ही वर्तुळाचा 'मुमास' शिकला आहात. मराठीत त्याला स्पर्शिका म्हणतात. पाण्याचा प्रत्येक थेंब जिथे टायर सोडतो, तिथल्या स्पर्शिकेच्या दिशेने उडतो.

आता नीट पाहा. सायकल पुढे जात असते तेव्हा मागच्या चाकाची मागची बाजू खालून वर येत असते. म्हणून चाकाच्या मागच्या बाजूला, आसाच्या उंचीवर सुटलेला थेंब सरळ वर जातो. त्याहून वर सुटलेला थेंब पुढे झुकतो आणि स्वाराच्या पाठीवर आदळतो. सदऱ्यावरची ती रेघ अशी तयार होते. पण आसाच्या खाली, रस्त्याजवळ सुटलेला थेंब वर आणि मागे जातो. तो स्वाराला लागतच नाही. तो मागून येणाऱ्याला लागतो.

किती लांब जातो? थोडे गणित करू. ताशी 15 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे 4.2 मीटर. हवेचा अडथळा धरला नाही, तर या वेगाने तिरका उडालेला थेंब पावणेदोन मीटरपर्यंत मागे जाऊ शकतो. ताशी 20 किलोमीटर वेग असेल तर हेच अंतर तीन मीटरच्या वर जाते. म्हणजे वेग थोडा वाढला, पण शिंतोड्याची उडी जवळजवळ दुप्पट झाली. मागचा स्वार एक-दोन मीटरवर असतो, तोही हँडलवर ओणवा झालेला. काही थेंब त्याच्या छातीवर येतात, काही थेट तोंडावर.

पुढच्या चाकाचे पाणीही असेच उडते, पण ते आपल्याच पायांवर, बुटांवर आणि साखळीवर येते. त्यातली बारीक वाळू साखळीत शिरते, तेल धुऊन जाते आणि साखळी करकर वाजू लागते. हा तोटा ज्याचा त्याला. मागच्या चाकाचा तोटा मात्र दुसऱ्याला.

तुम्ही म्हणाल, थोडे पाणी तोंडावर आले तर काय बिघडले? पाऊस तर वरूनही पडतोच! वरून पडणारे पाणी आणि रस्त्यावरून उडणारे पाणी यांत फरक आहे. रस्त्यावरच्या पाण्यात वाळू असते, गाड्यांचे तेल असते, गटाराचे पाणी मिसळलेले असते. आरे वसाहतीत म्हशींचे तबेले आहेत, तिथल्या रस्त्यावर शेण असते. वाळूचा कण डोळ्यात गेला की डोळे आपोआप मिटतात. ताशी 20 किलोमीटर वेगाने जाणारा स्वार दोन सेकंद डोळे मिटतो तेव्हा अकरा मीटर रस्ता न पाहता कापतो. त्या अकरा मीटरांत खड्डा असू शकतो आणि पावसाळ्यात खड्डा पाण्याखाली लपलेला असतो. शेजारून बस जात असेल तर पुढचे सांगायला नको.

दुसरी गोष्ट रोगाची. मुंबईत दर पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस नावाचा ताप येतो. लोक त्याला नुसते 'लेप्टो' म्हणतात. उंदीर, कुत्री, गुरे यांच्या मूत्रातून त्याचे जंतू साचलेल्या पाण्यात येतात. पायावरच्या जखमेतून, तसेच डोळे, नाक आणि तोंड यांच्या नाजूक त्वचेतून ते माणसाच्या शरीरात शिरतात. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत 24 तासांत 944 मिलीमीटर पाऊस नोंदला गेला. सारी उपनगरे पाण्यात बुडाली आणि त्यानंतर या तापाचे रुग्ण वाढले. मडगार्ड म्हणजे काही औषध नव्हे. तुंबलेल्या पाण्यातून सायकल घालायचीच नाही, हा पहिला उपाय. पण आपल्या चाकाचे गढूळ पाणी मित्राच्या डोळ्यांत आणि तोंडात उडवणे किती वाईट, हे यावरून कळेल.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. पावसाळ्यात टोळीने जायचे असेल तर मागचे मडगार्ड हवेच. ते ज्याच्या सायकलला असते, त्याच्यापेक्षा त्याच्या मागच्याला अधिक उपयोगी पडते. त्यामुळे 'मला चिखलाचे काही वाटत नाही' हे उत्तर इथे चालत नाही. वाटायचे असते ते मागच्याला.

इंग्लंडमध्ये पाऊस आणि थंडी एकत्र येतात. तिथे हिवाळ्यात रस्ते दिवसच्या दिवस ओले राहतात. तिथल्या बऱ्याच सायकल-मंडळांचा रिवाज असा, की हिवाळी सहलीला यायचे तर मडगार्ड लावून या. आपला हिवाळा कोरडा असतो. डिसेंबर-जानेवारीत मुंबईत पाऊस सहसा पडत नाही. तेव्हा मडगार्ड काढले तरी माझी तक्रार नाही. मात्र तेव्हाही रस्ता अगदी कोरडाच असेल असे नाही. गळके टँकर असतात, आणि 2023 च्या हिवाळ्यात तर धूळ बसावी म्हणून महानगरपालिकेने रस्त्यांवर पाणी मारले होते. आपला ओला ऋतू जून ते सप्टेंबर. इंग्लंडचा हिवाळ्याचा नियम आपण पावसाळ्याला लावायचा.

मडगार्ड नको म्हणणाऱ्यांचीही बाजू आहे, आणि ती सगळीच खोटी नाही. मडगार्ड खडखडते. ते थोडे जड असते. विदर्भात आणि मराठवाड्यात काळी चिकण माती आहे. पावसात ती टायरला चिकटते आणि मडगार्डच्या आत इतकी साचते, की चाक फिरेनासे होते. तिथला शेतकरी कच्च्या वाटेवर मडगार्ड काढून ठेवत असेल, तर तो शहाणाच म्हटला पाहिजे. पण अंधेरीच्या स्वामी विवेकानंद मार्गावर काळी माती कुठून येणार? डांबराच्या आणि काँक्रीटच्या रस्त्यावर ही अडचण येत नाही.

सैल मडगार्ड मात्र खरेच धोक्याचे. पुढच्या मडगार्डचा नट निघाला आणि ते चाकात अडकले, तर चाक एकदम थांबते आणि स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. म्हणून सहलीच्या आदल्या दिवशी मडगार्ड हाताने हलवून पाहा. ते हलत असेल तर नट आवळा. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये एक बोट सहज जाईल एवढी जागा हवी. त्याहून कमी असेल तर अडकलेली काडी किंवा खडी निघत नाही.

सगळी मडगार्ड सारखी नसतात, हे मात्र दुकानात कोणी सांगत नाही. सीटच्या खाली बसवायचे एक आखूड प्लॅस्टिकचे मडगार्ड मिळते. ते बदकाच्या शेपटीसारखे मागे वर आलेले असते. ते स्वस्त आहे, दोन मिनिटांत बसते आणि स्वाराची पाठ कोरडी ठेवते. पण वरचा प्रयोग आठवा. मागच्या माणसाकडे जाणारे पाणी चाकाच्या खालच्या भागातून, आसाच्याही खालून निघते. ते या शेपटीच्या खालून सरळ निसटते! ज्याने असे मडगार्ड लावले, त्याने स्वतःपुरती सोय केली, मागच्यासाठी काहीच केले नाही. टोळीत जायचे तर मडगार्ड लांब हवे, चाकाच्या मागून आसाच्या खाली उतरणारे.

लांब मडगार्डही रस्त्यापर्यंत पोहोचत नाही. त्यावर उपाय तुम्ही रोज पाहता. ट्रकच्या मागच्या चाकांमागे काळे रबरी पट्टे लोंबत असतात. तसाच छोटा पट्टा सायकलला लावता येतो. जुन्या ट्यूबचा एक वीतभर तुकडा घ्या, किंवा प्लॅस्टिकचा रिकामा डबा कापून पट्टी तयार करा. मडगार्डच्या खालच्या टोकाला दोन भोके पाडून ती तारेने किंवा छोट्या नट-बोल्टने पक्की बसवा. पट्टीचे खालचे टोक जमिनीपासून चार-पाच बोटे वर राहू द्या, म्हणजे गतिरोधकावर घासणार नाही. पंक्चर काढणाऱ्याकडे टाकाऊ ट्यूब मागितली तर तो बहुधा फुकट देतो.

टोळीत एखाद्याकडे मडगार्ड नसेलच, तर त्याला घरी परत पाठवू नका. त्याला सर्वांच्या शेवटी ठेवा. तिथे तो इतरांच्या मडगार्डचा फायदा घेईल आणि त्याचे पाणी कोणावर उडणार नाही. पण शेवटच्या मुलाकडे पुढच्यांनी अधूनमधून वळून पाहिले पाहिजे, नाहीतर तो मागे पडल्याचे कोणाला कळणार नाही. रस्ता ओला असताना ब्रेकही उशिरा लागतात, म्हणून सर्वांनीच अंतर एरवीपेक्षा जास्त ठेवावे.

परत आल्यावर मडगार्डच्या आतला चिखल साध्या पाण्याने धुऊन टाका. वाळल्यावर तो निघायला त्रास होतो. मडगार्ड लोखंडी असेल तर कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा हलका हात फिरवा. आपली हवा समुद्राची आहे, इथे लोखंड लवकर गंजते, आणि पहिला गंज मडगार्डच्या आतल्या बाजूला, जिथे फडके नीट पोहोचत नाही, तिथे धरतो.