एक तार, दोन कंपन्या: वीज कायद्यातल्या प्रस्तावित बदलांनी तुमच्या बिलावर काय परिणाम होईल?

महावितरणचं बिल हातात आलं की बहुतेक जण फक्त शेवटचा आकडा पाहतात. वर जरा नजर टाकली तर 'स्थिर आकार', 'वीज आकार' यांच्या सोबत आणखी एक ओळ दिसते: 'वहन आकार'. वीज तयार करण्याचा खर्च वेगळा आणि ती तारांमधून तुमच्या घरापर्यंत आणण्याचा खर्च वेगळा, एवढंच ती ओळ सांगते.

केंद्र सरकार वीज कायद्यात जो बदल करू पाहतंय, त्याचा गाभा या एका ओळीत आहे. तार एका कंपनीची असेल, पण त्याच तारेतून वीज विकण्याची मुभा दुसऱ्या, तिसऱ्या कंपनीलाही असेल. नंबर न बदलता मोबाईल कंपनी बदलावी, तसं काहीसं.

ऐकायला छान वाटतं. मग कामगार संघटना, शेतकरी संघटना आणि काही राज्यं याला विरोध का करतात? आणि ज्याचा महिन्याचा वापर शंभर-सव्वाशे युनिट आहे, त्या घरातल्या माणसाने याकडे का लक्ष द्यावं?

नेमका प्रस्ताव काय आहे?

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ९ ऑक्टोबर २०२५ रोजी वीज (सुधारणा) विधेयकाचा मसुदा जाहीर केला आणि त्यावर सूचना-हरकती मागवल्या. सध्याचा कायदा २००३ चा आहे. त्यात बदल करण्याचा हा पहिला प्रयत्न नाही. २०२० मध्ये एक मसुदा आला होता. दिल्लीच्या सीमेवर वर्षभर बसलेल्या शेतकऱ्यांच्या मागण्यांमध्ये तीन कृषी कायद्यांबरोबर तो मसुदा मागे घेण्याचीही मागणी होती. त्यानंतर ८ ऑगस्ट २०२२ रोजी लोकसभेत विधेयक मांडलं गेलं, ते स्थायी समितीकडे गेलं आणि १७ वी लोकसभा विसर्जित झाल्यावर आपोआप बारगळलं.

आताच्या मसुद्यात बऱ्याच गोष्टी आहेत. ऊर्जा साठवणुकीची व्याख्या, अपील न्यायाधिकरणातल्या सदस्यांची संख्या वाढवणं, केंद्र आणि राज्यांच्या ऊर्जामंत्र्यांची एक परिषद वगैरे. पण सामान्य ग्राहकाच्या खिशाशी थेट संबंध असलेल्या तरतुदी मुख्यतः चार.

पहिली, एकाच भागात अनेक वितरण कंपन्या एकमेकींचं जाळं वापरून वीज विकू शकतील. आजही कायद्यात एका भागात दोन परवानाधारक असू शकतात, पण दुसऱ्याने स्वतःचं जाळं उभारणं अपेक्षित असतं. रस्ते खणून दुसऱ्यांदा केबल टाकण्याचा खर्च पाहता बहुतेक कंपन्या तिथेच थांबतात.

दुसरी, वीजदर खर्चावर आधारित असावेत आणि कारखाने, रेल्वे, मेट्रो यांच्यावरचा क्रॉस सबसिडीचा बोजा पाच वर्षांत संपवावा.

तिसरी, एक मेगावॅटपेक्षा जास्त मागणी असलेल्या मोठ्या ग्राहकांना वीज पुरवण्याच्या बंधनातून राज्य आयोग वितरण कंपनीला सूट देऊ शकेल.

चौथी, वितरण कंपनीने वेळेत दरप्रस्ताव दिला नाही तरी आयोगाने स्वतःहून दर ठरवावेत, जेणेकरून ते १ एप्रिलपासून लागू होतील.

क्रॉस सबसिडी म्हणजे काय?

या सगळ्या वादाची किल्ली या एका शब्दात आहे, म्हणून जरा थांबू.

समजा, एक युनिट वीज ग्राहकापर्यंत पोहोचवायला वितरण कंपनीला सरासरी ८ रुपये खर्च येतो. (हा आकडा फक्त उदाहरणासाठी.) छोट्या घरगुती ग्राहकाकडून ती ५ रुपये घेते, शेतीपंपाकडून त्याहून कमी. उरलेले पैसे कारखाना आणि मॉलकडून १० रुपये दर लावून भरून काढते. एका ग्राहकाच्या बिलातून दुसऱ्या ग्राहकाला मिळणारी ही मदत म्हणजे क्रॉस सबसिडी.

सरकारी अनुदान ही वेगळी गोष्ट. ते तिजोरीतून येतं आणि २००३ च्या कायद्याच्या कलम ६५ प्रमाणे राज्य सरकारने ते वितरण कंपनीला आगाऊ द्यायचं असतं. महाराष्ट्रात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज देणारी 'मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना' एप्रिल २०२४ पासून सुरू आहे. सुमारे ४४ लाख शेतकऱ्यांसाठीच्या या योजनेचा खर्च वर्षाला १४,७६० कोटी रुपये धरलेला आहे. पण शेतीचा जो दर आयोग ठरवतो, तोच मुळात सरासरी खर्चापेक्षा कमी असतो. म्हणजे शेतकऱ्याच्या वाट्याचं बिल सरकारने भरलं, तरी त्याखालचा एक थर उद्योगांच्या बिलातून येतच असतो.

आता उद्योगांची तक्रारही समजून घ्यायला हवी. ज्या देशात कारखान्याला घरापेक्षा महाग वीज मिळते, तिथला माल जगाच्या बाजारात स्वस्त कसा पडणार? मोठ्या प्रमाणात वीज घेणाऱ्या ग्राहकाला ती पोहोचवणं खरं तर स्वस्त पडतं, तरी दर त्यालाच जास्त. त्यामुळे अनेक उद्योगांनी सौर प्रकल्प उभारले किंवा 'मुक्त प्रवेश' घेऊन बाहेरून वीज घ्यायला सुरुवात केली. असा प्रत्येक ग्राहक बाहेर पडला की मागे राहिलेल्यांवरचा भार वाढतो. केंद्राचं म्हणणं असं की ही व्यवस्था तशीही पोखरली जातेय. वितरण कंपन्यांचा साचलेला तोटा ६.९ लाख कोटींच्या घरात गेलाय, तेव्हा ती नीट मोडून नव्याने बांधू.

केंद्राने असंही स्पष्ट केलंय की शेतकरी आणि गरीब ग्राहकांना सवलतीचे दर सुरू राहतील, राज्यांनी त्यासाठी अनुदान द्यावं. कागदावर हे बरोबर आहे. पण आज उद्योग भरतात तो हिस्सा उद्या राज्याच्या तिजोरीतून यायचा असेल, तर त्याची तरतूद कुठून होणार, हे मसुद्यात नाही. तिजोरीतून आला नाही, तर तो घरगुती बिलात येईल. तिसरा मार्ग नाही.

मुंबईत हे आधीच घडलंय

एका भागात दोन वीज कंपन्या असल्यावर काय होतं, हे पाहायला परदेशात जायची गरज नाही. मुंबईची उपनगरं पुरेशी आहेत.

मुंबईत टाटा पॉवरचा परवाना जुना, पण कंपनी प्रामुख्याने मोठ्या ग्राहकांना आणि इतर वितरण कंपन्यांना वीज द्यायची. उपनगरातली घरं, दुकानं, सोसायट्या रिलायन्सकडे होत्या (२०१८ पासून तो व्यवसाय अदानींकडे आहे). टाटाला किरकोळ ग्राहकांना वीज विकता येईल का, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. जुलै २००८ मध्ये निकाल टाटाच्या बाजूने लागला. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने मार्ग मोकळा केला: ग्राहकाने अर्ज करायचा, तार रिलायन्सचीच राहील, वीज टाटाची येईल. तारेचं भाडं रिलायन्सला मिळेल.

त्या वेळी टाटाची वीज स्वस्त होती. काही लाख ग्राहकांनी कंपनी बदलली.

पण कुठल्या ग्राहकांनी, हा खरा प्रश्न. जास्त वीज वापरणारी दुकानं, कार्यालयं, मोठ्या घरांतले ग्राहक गेले, कारण त्यांची बचत मोठी होती. ज्यांच्या बिलातून बाकीच्यांची सवलत निघायची, तेच बाहेर पडले. मागे राहिला तो कमी वापराचा, कमी दराचा ग्राहक. टाटा फक्त मलई उचलतेय, अशी रिलायन्सची तक्रार होती.

मग आयोगाला मध्ये पडावं लागलं. २०११ मध्ये कंपनी बदललेल्या ग्राहकांवरही क्रॉस सबसिडी अधिभार लावला गेला. ऑगस्ट २०१२ मध्ये आयोगाने टाटाला सांगितलं की पुढचं वर्षभर रिलायन्सच्या तारांवरून महिना ३०० युनिटपर्यंत वापर असलेल्या घरगुती ग्राहकांनाच आपल्याकडे घ्या. हा आदेशही पुढे अपिलात गेला. दरम्यान दरांची गणितं फिरली आणि स्वस्ताईसाठी गेलेले काही ग्राहक परतले.

मुंबईचा धडा एका ओळीत सांगता येत नाही. ग्राहकाला निवड मिळाली, हे खरं. पण ती निवड सर्वांना सारखी परवडावी म्हणून आयोगाला पुन्हा पुन्हा अधिभार, अटी आणि बंधनं घालावी लागली आणि वर्षानुवर्षं खटले चालले. तेही दाट वस्तीच्या, नियमित बिल भरणाऱ्या शहरात, जिथे शेतीपंपांचा प्रश्नच नाही. हेच मराठवाड्यातल्या एखाद्या विभागात करायचं झालं तर?

महावितरणच्या कर्मचाऱ्यांची भीती नेमकी हीच आहे. नवी मुंबई, ठाणे, मुलुंड, पनवेल, उरण या भागांसाठी अदानी समूहाच्या कंपनीने समांतर परवाना मागितला, तेव्हा ४ जानेवारी २०२३ रोजी राज्यभर संप झाला. तत्कालीन ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांच्याशी चर्चा झाल्यावर तो त्याच दिवशी मागे घेतला गेला. या भागांची नावं पुन्हा एकदा वाचा. जास्त वापर, चांगली वसुली, कमी गळती. परवान्यासाठी गडचिरोली कुणी मागितलेलं नाही.

(कंपनी बुडाली तर काय, हाही प्रश्न आहेच. ब्रिटनमध्ये तार आणि विक्री पूर्ण वेगळी आहे. २०२१ मध्ये गॅसचे दर भडकले तेव्हा तिथल्या दोन डझनांहून अधिक पुरवठादार कंपन्या बंद पडल्या. तारा कुठेच गेल्या नव्हत्या, त्यामुळे अंधार झाला नाही. पण बंद पडलेल्या कंपन्यांचे ग्राहक दुसरीकडे हलवण्याचा खर्च सगळ्यांच्या बिलात आला.)

आयोगाच्या हातात किती?

कायदा संसदेत होईल, पण तुमचा दर ठरवणारी संस्था मुंबईत बसते. महाराष्ट्र वीज नियामक आयोग १९९९ पासून आहे. प्रस्ताव वितरण कंपनीने द्यायचा, तो जाहीर करायचा, लोकांच्या हरकती ऐकायच्या आणि अर्ज आल्यापासून १२० दिवसांत आदेश द्यायचा, असं कलम ६४ सांगतं.

ही प्रक्रिया किती महत्त्वाची आहे, ते २०२५ मध्ये दिसलं. २८ मार्चला आयोगाने महावितरणचे पुढच्या पाच वर्षांचे दर ठरवले आणि पहिल्या वर्षी सरासरी सुमारे दहा टक्के कपात केली. महावितरणने आक्षेप घेतला, आदेशाला स्थगिती मिळाली. २५ जूनला फेरविचाराचा आदेश आला आणि १ जुलैपासून वेगळे दर लागू झाले. फेरविचारात इतके मोठे बदल जनसुनावणीशिवाय कसे झाले, यावर ग्राहक प्रतिनिधी आणि सौरऊर्जा क्षेत्रातल्या लोकांनी आक्षेप घेतला आणि प्रकरण न्यायालयात पोहोचलं.

दर वेळेवर आणि पुरेसे न वाढवण्याचीही किंमत असते. दिल्लीत वर्षानुवर्षं खर्च पूर्ण न वसूल करता 'नंतर देऊ' असं म्हणत रकमा पुढे ढकलल्या गेल्या. याला नियामक मत्ता म्हणतात; साध्या भाषेत, ग्राहकांच्या नावावर लिहिलेली उधारी. तीन खासगी वितरण कंपन्यांची ही उधारी २७ हजार कोटींवर गेली. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती ठराविक मुदतीत फेडण्याचा मार्ग आखायला सर्व राज्यांच्या आयोगांना सांगितलं. या रकमेवर व्याजही चढतं. निवडणुकीच्या वर्षात न वाढलेला दर असा पाच-दहा वर्षांनी व्याजासकट परत येतो.

मसुद्यातली 'आयोगाने स्वतःहून दर ठरवावेत' ही तरतूद याच दुखण्यावरचा उपाय आहे, आणि चारही तरतुदींमध्ये सर्वात कमी वादाची. तिच्याकडे लक्ष मात्र सर्वात कमी गेलंय.

पुढे काय होईल?

सूचनांचा विचार करून मसुद्याला मंत्रिमंडळाची मंजुरी, मग विधेयक संसदेत, असा रस्ता आहे. वीज हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत असल्याने केंद्राला कायदा करता येतो, पण अंमलबजावणी राज्यांच्या वितरण कंपन्या आणि आयोगांकडूनच होते. म्हणून विधेयक संमत झालं तरी दुसऱ्या दिवशी तुमच्या मोबाईलवर वीज कंपनी बदलण्याचा पर्याय येणार नाही.

बातम्यांमध्ये 'खासगीकरण' हा शब्द सर्वात मोठ्या अक्षरात असेल. विधेयक अंतिम रूपात आलं की त्यापलीकडे दोन गोष्टी शोधायला हव्यात. नव्या कंपनीला निव्वळ श्रीमंत ग्राहक निवडता येऊ नयेत, यासाठी बंधन किती कडक आहे? आणि तारांची देखभाल, वादळात पडलेले खांब, जळालेला ट्रान्सफॉर्मर, हे सगळं सांभाळणाऱ्या जुन्या कंपनीला त्यासाठी किती भाडं मिळणार? ते भाडं कमी ठरलं तर जाळं खिळखिळं होईल, जास्त ठरलं तर नवी कंपनी येणारच नाही. बिलावर ते आजही छापलेलं असतं, 'वहन आकार' या ओळीत.